पुढच्या दारावरची थाप

पुढच्या दारावर थाप पडली तेव्हा ट्रेव्हर अॅकरॉइड बटाटे सोलत होता, आणि ते दार वाजू शकते हेच तो विसरून गेला होता. त्याच्या गल्लीत पुढच्या दाराने कोणी येत नसे. शेजारी, दूधवाला, गॅसचा मीटर बघायला येणारा माणूस, सगळे मागच्या बोळातून, कचऱ्याचे डबे ओलांडून, फरशीच्या आंगणातून थेट स्वयंपाकघरात येत. पुढचे दार नवरीसाठी, डॉक्टरसाठी आणि शवपेटीसाठी. ग्लेनिस त्या दाराने आत आली होती, लग्नाच्या दिवशी, पांढऱ्या बुटांना चिखल लागलेला, आणि त्याच दाराने ती फेब्रुवारीत बाहेर गेली. पेटी नेणाऱ्या माणसांच्या मागे कोणीतरी दार ओढून घेतले, आणि ओल्या हवेने फुगलेले लाकूड चौकटीत जे बसले ते बसले. ते परत उघडायची वेळच आली नाही. खालच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून ग्लेनिसने जुन्या पडद्याच्या कापडाचा एक लांबडा कुत्रा शिवला होता, पोटात चिंध्या भरून. तो दाराशी आडवा पडलेला होता. थाप पडली तशी त्याच्या पाठीवरची धूळ हलली असावी असे ट्रेव्हरला उगीचच वाटले. हातातला बटाटा पाण्यात पडला. तो ओल्या हातांनी अरुंद वाटेने पुढे गेला, वाकला, दारातली पत्रांची झडप बोटाने वर केली. पलीकडे काळ्या जाकिटाचे एक पोट होते, पट्टा होता, पट्ट्याला किल्ल्या होत्या. आणि ट्रेव्हरच्या तोंडून जे शब्द गेले ते त्याचे नव्हते. त्याच्या आईचे होते, ग्लेनिसचे होते, त्या गल्लीत ज्याला ज्याला कधी तोंड फुटले त्या सगळ्यांचे होते.

"हे दार उघडत नाही रे बाळा. मागच्या बाजूने ये. उघडंच आहे."

पोट क्षणभर हलले नाही. मग म्हणाले, "नक्की? मागून येऊ?"

"ये ये. बोळात पाय घसरतो, जपून."

झडप खाली पडली आणि तेव्हा कुठे आपण कोणाला बोलावले ते त्याच्या ध्यानात आले. थकबाकी वसूल करणारा बेलीफ येणार हे त्याला ठाऊक होते. कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, घरपट्टी थकली होती, भाड्याच्या घरातही ती राहणाऱ्यानेच भरायची, आणि पाकिटांवर पाकिटे येत होती. बसडेपोत त्याच्याबरोबर सकाळी बसगाड्या धुणारा कॉलिन त्याला हातातला ब्रश दाखवून दाखवून सांगत असे, "हे बघ ट्रेव्ह, घरपट्टीसाठी त्याला दार फोडता येत नाही. फक्त वाजवता येतं. वाजवू दे. मेलास असं समजून पडून राहा. पण एकदा का तू आपणहून आत घेतलंस, की मग तो घरातल्या वस्तूंची यादी करतो, आणि मग त्याला परत यायला कोणी अडवू शकत नाही." डेपोतल्या सगळ्यांना हे पाठ होते. ट्रेव्हरलाही होते. त्याने दार उघडले नव्हतेच. त्याने फक्त मागून ये म्हटले होते.

त्या माणसाला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, वळून, बोळातून परत यायला वेळ लागणार होता. तेवढ्या वेळात मागच्या दाराची कडी घालता आली असती. ट्रेव्हर त्या दाराजवळ जाऊन उभाही राहिला. कडीवर रंगाचे इतके थर चढले होते की ती भिंतीचाच भाग झाली होती. दिवसाउजेडी ते दार बंद असलेले त्याला आठवत नव्हते. लहानपणी विम्याचा माणूस शुक्रवारी यायचा, हप्त्याने कपडे विकणारा यायचा. आईकडे पैसे नसले की ती त्यालाच चहा करून द्यायची आणि नवऱ्याला शिव्या घालायची, आणि तो हसत चहा पिऊन जायचा. पैसे नाहीत म्हणून दार लावायचे असते हे त्या घरात कोणाच्या डोक्यात आले नव्हते. आणि 'ये' म्हटलेल्या माणसाच्या तोंडावर कडी घालायची म्हणजे काय, ते त्याच्या हातांना जमेना. हातांना जे जमत होते ते त्यांनी केले. किटलीत पाणी भरले आणि ती चालू केली.

बेलीफ पायपुसण्यावर बूट पुसत आत आला. चाळिशीचा, दांडगा, मानेचा मागचा भाग लाल झालेला. छातीवर एक काळी डबी होती आणि तिच्यात एक छोटा दिवा लुकलुकत होता. "मी बेअरस्टो. ही डबी सगळं बघते आणि ऐकते, हे तुम्हाला सांगणं माझं काम आहे," तो म्हणाला. मग त्याने हातातल्या यंत्रावर वाचले, "ट्रेव्हर अॅकरॉइड आणि ग्लेनिस अॅकरॉइड. हुकूम दोघांच्या नावे आहे. तुम्ही ट्रेव्हर. बाई घरी आहेत का?"

"तालमीला गेलीय," ट्रेव्हर म्हणाला.

हे तो का म्हणाला ते त्याला नंतर पुष्कळ विचार करूनही कळले नाही. खोटे बोलायचे त्याच्या मनात नव्हते. प्रश्न ज्या रीतीने आला त्याच रीतीने उत्तर गेले. इतक्या महिन्यांत त्याला कोणी असे विचारलेच नव्हते. लोक 'कसा आहेस' विचारत, आणि विचारताना मान एका बाजूला कलती करत. दुकानातली बाई त्याच्या हातावर हात ठेवी. कॉलिन तर तिचे नावच घेत नसे. या माणसाने मान सरळ ठेवून, घाईत, कामाचा माणूस विचारतो तसे विचारले, बाई घरी आहेत का, म्हणजे असतील किंवा नसतील, नसल्या तर येतील. आणि चार दशके त्या प्रश्नाचे जे उत्तर होते ते जिभेवर तयारच होते. ग्लेनिस गिरणीच्या बँडमध्ये टेनर हॉर्न हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य वाजवायची. गिरणी बंद पडली, पाडली, तिथे गाद्यांचे दुकान झाले, तरी गिरणीचा बँड राहिला. चर्चच्या मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी तालीम. तालमीहून येताना तिचे ओठ फुगलेले असत, खालच्या ओठावर हॉर्नच्या तोंडाच्या गोल कडेचा लाल वण असे, आणि तशा ओठांनी ती चहा पिताना हाय हाय करी. 'गेलीय' म्हटल्याबरोबर ट्रेव्हरला तो वण दिसला. त्याने ओट्याचा आधार घेतला. दुःखाने नाही. खूप वेळ ओझे धरून उभ्या असलेल्या माणसाला कोणी म्हणावे, दे जरा माझ्याकडे, तसे.

"साखर किती?" त्याने विचारले.

"आम्ही घेत नाही शक्यतो," बेअरस्टो म्हणाला. मग किटलीकडे बघितले. "दोन."

चहाबरोबर बिस्किटे आली. बेअरस्टोने उभ्याउभ्याच सांगितले की थकबाकी किती, तिच्यावर त्याच्या येण्याचा खर्च किती चढला, आणि आज भरता येतात का. ट्रेव्हर नाही म्हणाला. पगार किती ते सांगितले. बेअरस्टोने मान हलवली, जणू तो आकडा त्याच्याही ओळखीचा होता. मग म्हणाला की त्याला घरात बघावे लागेल. चूल, फ्रिज, पलंग, कपडे धुण्याचे यंत्र यांना हात लागत नाही, बाकीच्याची यादी होते, आज काही उचलत नाही, मुदतीत हप्ता बांधला नाही तर उचलतो. बाकीचे असे फार नव्हते. टीव्ही लिहिला. मग तो स्वयंपाकघरातल्या टेबलाकडे वळला. टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीच्या पाठीवर ट्रेव्हरचा डगला होता. दुसरीवर काळी, कोपऱ्यांना झिजलेली पेटी होती. तालमीहून आली की ग्लेनिस ती तिथेच ठेवी आणि जेवताना खाली उतरवी, आणि उतरवायला ती आली नव्हती.

"यात काय आहे?"

"हॉर्न. तिचा."

बेअरस्टोने कप खाली ठेवला. पेटी उघडली. आत निळ्या मखमलीत हॉर्न झोपला होता, जिथे तिची बोटे पडत तिथे चांदीचा मुलामा उडून पिवळे पितळ उघडे पडले होते. बेअरस्टो बघत राहिला. मग त्याने फार हळू आवाजात विचारले, "बाई तालमीला गेल्यात म्हणालात ना?"

किटलीतले उरलेले पाणी अजून कुरकुरत होते. ट्रेव्हर सिंकमधल्या बटाट्यांकडे बघू लागला. नेहमीप्रमाणे त्याने दोघांपुरते काढले होते, हे त्याला आता दिसले.

"हो," तो म्हणाला.

बेअरस्टोने खोलीभर नजर फिरवली, खुंटीवरचा बाईमाणसाचा हिरवा रेनकोट, खिडकीत घडी करून ठेवलेला चष्मा. छातीवरचा दिवा लुकलुकत होता. "काका," तो म्हणाला. आधी त्याने यंत्रावरून पुरे नाव वाचले होते. "हे ऐका. घरात कोणी आजारी असेल, कोणी वारलं असेल, तर ते मला लिहावं लागतं. मग मी थांबतो आणि प्रकरण कौन्सिलकडे परत जातं. पण मी अंदाजाने लिहू शकत नाही. ही डबी ऐकते. तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार. तसं काही आहे का?"

"नाही," ट्रेव्हर म्हणाला. "तसं काही नाही."

"आणि हे वाद्य? पेटीवर बँडचं नाव आहे. बँडच्या मालकीचं असेल तर मला त्याला हात लावता येत नाही. दुसऱ्याच्या वस्तू मी नेऊ शकत नाही."

त्याने दोन दारे उघडून धरली होती, एकापाठोपाठ एक, आणि ट्रेव्हरला दोन्ही दिसत होती. पण बँडचे म्हटले की ते बँडला परत करायला हवे. ते खुर्चीवरून उठले की खुर्ची रिकामी.

"तिचंच आहे," तो म्हणाला.

बेअरस्टोने सुस्कारा टाकला आणि यादीत हॉर्न लिहिला. ट्रेव्हरने सही केली. जाताना बेअरस्टो आंगणात थांबला. "मंगळवारी येतो. तोवर विचार करा. बाईंनाही विचारा," तो म्हणाला, आणि हे तो छातीवरच्या डबीसाठी बोलला की ट्रेव्हरसाठी ते कळले नाही.

त्या संध्याकाळी ट्रेव्हरने घाबरायला हवे होते. उलट त्याला बरे वाटत होते, आणि बरे वाटण्याची लाजही वाटत होती. त्याने सगळे बटाटे उकडले. जगात निदान एका माणसाच्या कागदावर ग्लेनिस तालमीला गेलेली होती. तो माणूस आता त्याच्या गाडीत बसून दुसऱ्या कुणाचे दार वाजवत असेल, आणि त्याच्या डोक्याच्या कोपऱ्यात कुठेतरी पत्र्याच्या हॉलमध्ये ग्लेनिस बसलेली असेल, मांडीवर हॉर्न नसताना का होईना. ट्रेव्हरने मनातल्या मनात त्याचे आभार मानले. असे आभार कोणी कधी बेलीफचे मानले नसतील. तिला धाप लागायला लागली तेव्हा तिने हॉर्न सोडला नाही, उलट म्हणायची, "फुंकून फुंकूनच फुप्फुसं टिकलीत माझी, ट्रेव्ह, नाहीतर गिरणीतल्या धुळीने कधीच खाल्ली असती." मग जिना चढवेना. मग तो डेपोतले अर्धे काम सोडून घरी राहिला, तिच्या पाठीमागे उशा रचत, आणि पगार अर्धा झाला. पैशाचे सगळे तीच बघायची, शुक्रवारी पोस्टात जाऊन भरायची. तो फक्त पगार टेबलावर ठेवायचा. ती गेल्यावर त्याने भाडे भरले, गॅस भरला, कारण ते तोडतात हे त्याला ठाऊक होते. घरपट्टी राहिली. कौन्सिलची पाकिटे येत राहिली आणि त्याने ती घड्याळामागे ठेवली, न उघडता. उघडायची नव्हतीच. पाकिटावर खिडकीसारख्या पारदर्शक कागदातून नाव दिसे, मिस्टर टी. आणि मिसेस जी. अॅकरॉइड. बँकेने तिचे नाव काढले होते, दवाखान्याने काढले होते, वाचनालयानेसुद्धा. फक्त कौन्सिलला कोणी सांगितले नव्हते. घरात एकच माणूस राहत असेल तर घरपट्टी पाव हिश्श्याने कमी होते, हेही कॉलिनने सांगितले होते. फोन करायचा आणि सांगायचे, एक. ट्रेव्हरने एकदा फोन उचललाही होता. पलीकडून गाणे वाजत राहिले आणि ते संपायच्या आत त्याने ठेवून दिला. त्या पाव हिश्श्याचे पैसे तिच्या नावाचेच आहेत, जाऊ देत, असे काहीतरी त्याने स्वतःला समजावले होते. घरचे माणूस महागात पडले तर पडू दे.

गुरुवारी दुपारी बेरिल आली. ती सत्तरी ओलांडलेली, बँडमध्ये थोरला ढोल वाजवणारी, शिवाय बँडची वाद्ये आणि गणवेश तिच्या ताब्यात. ती न वाजवता मागच्या दाराने आली, हातात आल्याच्या केकचा डबा, आणि डबा ओट्यावर आपटून म्हणाली, "बेलीफची गाडी होती म्हणे तुझ्या दाराशी. सगळी गल्ली सांगत्येय. तू लपून बसलास ना?"

"नाही."

"दार उघडलंस? मुडद्या!"

"पुढचं नाही उघडलं. ते उघडतच नाही."

"मग?"

"मागून ये म्हटलं."

बेरिल खुर्चीत बसणार होती ती अर्धवट वाकूनच थांबली. "मागून ये म्हटलंस. बेलीफला. आणि चहाही पाजला असशील."

"पाजला."

"बिस्किट?"

"दिली दोन. एक राहिलं त्याचं."

बेरिलच्या घशातून आधी एक आवाज आला, मग ती हसायला लागली, टेबल धरून, ढोल हलावा तशी सगळी हलत. ट्रेव्हरलाही हसू आले. कधीपासून आले नव्हते. ग्लेनिस असती तर म्हणाली असती, राहिलेलं रुमालात बांधून का नाही दिलंस. हे त्याने मोठ्याने म्हटले की मनात ते त्याला कळले नाही, पण बेरिल हसायची थांबली आणि तिने नाक पुसले. मग तिची नजर टेबलावर पडलेल्या यादीच्या प्रतीवर गेली. तिने चष्मा लावला.

"हॉर्न? आपला हॉर्न लिहून दिलास? ट्रेव्हर, तो बँडचा आहे. गिरणीने घेतलेला. ग्लेनिसच्या आधी तो माझ्या मावशीने वाजवला आहे."

"ठाऊक आहे."

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

त्याने केकच्या डब्याचे झाकण काढले. मग म्हणाला, "तुम्हीही कधी मागायला आला नाहीत."

"नाही आलो." बेरिलने चष्मा काढला. "कशाला येऊ? तू आणशील तेव्हा आणशील. तिची खुर्ची आम्ही मांडतो दर तालमीला. समोर तिचा स्टँडही ठेवतो. बँडमास्तर म्हणाला, हॉर्नच्या ओळीत एक आवाज कमी आहे, बाहेरून कोणी आणू का. मी म्हटलं, आणशील तर ढोलाच्या काठीने हाणीन. जूनमध्ये मिरवणुकीच्या स्पर्धेत परीक्षकाने लिहिलं, मधले स्वर विरळ. लिहू दे मेल्याला. ते भोक आम्हाला ऐकू येतं रे, प्रत्येक गाण्यात, जिथे ती असायची तिथे. आता तर मला ते चालीसकट पाठ झालंय."

ट्रेव्हरला वाटले होते की ग्लेनिस फक्त त्याच्या टेबलाशी गैरहजर आहे. बाकी सगळीकडे तिची जागा भरून निघाली असणार, गाद्यांच्या दुकानासारखे काहीतरी उभे राहिले असणार, असे त्याने धरले होते, आणि त्याचा राग पोटात घेऊन तो चर्चच्या रस्त्याने जायचे टाळत होता. आणि इकडे पत्र्याच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा वीस-बावीस माणसे एक रिकामी खुर्ची मांडत होती, तिच्या जागेला वळसा घालून वाजवत होती, स्पर्धा हरत होती, आणि त्याच्याकडे त्यातले अक्षरही बोलत नव्हती. कोणी त्यांना सांगितले नव्हते. कोणी त्यांचे आभारही मानले नव्हते. त्याला काही बोलायचे होते, त्याऐवजी त्याने केक कापला. मोठा तुकडा बेरिलला दिला.

"वाजवेल का कोणी?" त्याने विचारले. "तिच्यासारखं नाही. नुसतं."

"नसरीन आहे. शाळेत स्वयंपाक करते ती, आता तिसऱ्या हॉर्नवर आहे. तिचा हॉर्न गळका आहे, थुंकी गळते तिच्या साडी... तिच्या सलवारवर," बेरिल म्हणाली. "ग्लेनिसनेच शिकवलं तिला. पण ती मागणार नाही. मेली तरी मागणार नाही."

त्या संध्याकाळी तो हॉर्न घेऊन गेला. पेटी त्याच्या अंदाजापेक्षा हलकी होती. ग्लेनिस कधी धरू देत नसे म्हणून त्याला ती जड वाटत आली होती. हॉलमध्ये सगळे सूर जुळवत होते आणि तो आत शिरल्यावर हळूहळू एकेक वाद्य थांबले. कोणी मान कलती केली नाही. मास्तर म्हणाला, "या ट्रेव्हर, दार लोटा, गार वारा येतोय." तिच्या खुर्चीवर कोणीतरी पिवळी उशी ठेवली होती. त्याने पेटी त्या उशीवर ठेवली नाही. तो तिसऱ्या हॉर्नजवळ गेला आणि ती नसरीनच्या मांडीवर ठेवली, आणि जे त्याला बोलायचे होते, वाटेत चार वेळा जुळवून ठेवलेले, ते काही आले नाही. तो एवढेच म्हणाला, "दुसरा खटका अडकतो. ती फुंकर घालायची त्याच्यावर." नसरीन म्हणाली, "माहीत आहे, काका. त्याला शिव्याही घालायची." मग तो मागे भिंतीशी जाऊन बसला. बँडने वाजवायला घेतले ते कुठलेसे जुने भजन होते. मधोमध, जिथे भोक होते म्हणे, तिथून एक आवाज उठला, थोडा बिचकत, ग्लेनिसच्यापेक्षा पातळ. पण आवाज पितळेचाच होता, आणि पितळ तेच होते. ट्रेव्हरने डोळे मिटले नाहीत. त्याने सगळ्यांकडे बघून घेतले, एकेकाकडे, फुगलेल्या गालांकडे, कारण आभार मानायचे तर निदान कोणाचे ते ठाऊक असावे.

मंगळवारी बेअरस्टो आला तेव्हा पाऊस होता. या वेळी त्याने पुढचे दार वाजवलेच नाही. तो बोळातून आला, बूट पुसले, छातीवरची डबी चालू असल्याचे सांगितले. किटली आधीच गरम होती. त्याची नजर थेट खुर्चीवर गेली. खुर्ची रिकामी होती.

"हॉर्न?"

"तालमीला गेलाय," ट्रेव्हर म्हणाला. "बँडचाच होता. मी खोटं बोललो. हे बेरिलने लिहून दिलंय."

बेअरस्टोने कागद वाचला, हातातल्या यंत्रावर काहीतरी खोडले. मग त्याने कप घेतला नाही. हात टेबलावर ठेवून, मान सरळ ठेवून, अगदी पहिल्या दिवसासारखे विचारले, "आणि बाई? घरी आहेत का?"

ट्रेव्हरला वाटले होते की हे सोपे जाईल. वाटेत, बस धुताना, त्याने ते किती वेळा म्हणून बघितले होते. पण समोरच्या माणसाच्या डोक्यातल्या त्या कोपऱ्याची त्याला आठवण झाली, जिथे ती अजून बसलेली होती. जगातली तिची ती शेवटची जागा होती, आणि ती त्यालाच काढून घ्यायची होती.

"नाही," तो म्हणाला. "ग्लेनिस फेब्रुवारीत वारली. घरात मी एकटा असतो. एक." मग थांबून म्हणाला, "तुम्ही ती घरी आहे का विचारलंत ना, त्या दिवशी. तसं कोणी विचारलं नव्हतं. त्याबद्दल आभार मानायचे होते."

बेअरस्टो खाली बघून लिहीत होता. बराच वेळ लिहीत होता. मग म्हणाला, "मी आता प्रकरण परत पाठवतो. माझ्या येण्याचा खर्चही काढून टाका असं लिहितो, ऐकतील बहुतेक. घरपट्टी माफ होणार नाही, काका. पण फेब्रुवारीपासूनचा पाव भाग कमी करतील, आणि राहिलेलं आठवड्याला थोडं थोडं. उद्याच फोन करा. पलीकडे गाणं वाजतं, ते संपेपर्यंत धरून ठेवा फोन."

"धरतो."

त्याने चहा उभ्याने प्यायला आणि बिस्किटही खाल्ले. बाहेर पाऊस वाढला होता. त्याची गाडी पुढे रस्त्यावर होती आणि बोळातून जायचे म्हणजे भिजत सगळी गल्ली फिरायची. ट्रेव्हरने पुढच्या वाटेकडे बघितले. "इकडून जा," तो म्हणाला. "हलतंय का बघू."

त्याने वाकून चिंध्यांचा कुत्रा उचलला आणि काखेत धरला. कडी निघाली, पण दार हलेना. "सरका," बेअरस्टो म्हणाला, आणि मग सरकायला जागा नव्हती म्हणून दोघेही एकमेकांना चिकटून उभे राहिले, एकाने मूठ धरली, दुसऱ्याने मुठीवर मूठ धरली, आणि ओढले. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा लाकूड ओरडले. तिसऱ्यांदा दार असे सुटले की दोघे भिंतीवर आदळले आणि रस्त्यावरचा सगळा पाऊस, सगळा उजेड घरात आला. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. बेलीफ पुढच्या दाराने बाहेर पडतोय, हे आता संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार होते, आणि बेरिल टेबल धरून हसणार होती.

बेअरस्टो डोक्यावर जाकीट घेऊन पळत गाडीत बसला. गाडी गेली. ट्रेव्हर उंबरठ्यावर कुत्रा काखेत धरून उभा राहिला. पायांवर पावसाचे थेंब उडत होते. आत वारा शिरत होता, वाटेतून स्वयंपाकघरापर्यंत जात होता, मागचे दार वाजवत होता. दार ओढून घ्यावे असे त्याला वाटले. मग त्याने कुत्रा वाकून दाराच्या तळाशी टेकवला, ते आपणहून बंद होऊ नये असा, आणि आत जाऊन बटाटे सोलायला घेतले. एकट्यापुरते.